काजूचा हंगाम, माकडताप आणि डॉक्टरांना सांगायच्या चार गोष्टी

शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तळकोकणात जायचं ठरत असेल, तर हा लेख निघण्याआधी वाचून घ्या. दोडामार्ग, सावंतवाडी, पलीकडे गोव्यातली सत्तरी, घाटावर खानापूर-बेळगाव या पट्ट्यात ज्यांची काजूची बाग आहे, गुरं आहेत, जे दर हंगामात तिथे मजुरीला जातात, किंवा ज्यांना तिळारी-चोर्ल्याच्या रानात भटकायची हौस आहे, त्या सगळ्यांसाठी तो लिहिला आहे. मुंबई-पुण्यात तापाचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी वाचला तर फारच बरं.

विषय आहे माकडताप. सरकारी कागदांवर त्याला ‘केएफडी’ म्हणतात, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोचीड चावल्यानं होणारा हा विषाणूजन्य ताप आहे. शंभर रुग्णांतले साधारण तीन ते पाच दगावतात, आणि जे वाचतात त्यांचाही महिना-महिना अंगात त्राण नसल्यासारखा जातो. विषाणूला मारणारं खास औषध नाही. तरीही हा आजार बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि लवकर ध्यानात आला तर योग्य देखभालीनं बहुतेक माणसं घरी परततात. ‘लवकर ध्यानात येणं’ हीच यातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे. या लेखाचा मोठा भाग त्यासाठीच खर्च करणार आहे.

शिवमोग्ग्यापासून दोडामार्गापर्यंत

कर्नाटकातल्या शिमोगा, म्हणजे आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ च्या सुमारास तिथे माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापानं फणफणले. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वराची साथ येते तेव्हा आधी माकडं मरतात. त्यामुळे पीतज्वर आशियात शिरला की काय, या शंकेनं शास्त्रज्ञांची झोप उडाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे पूर्वज, तातडीनं तिथे पोचली आणि त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता, अगदी नवा होता. त्याचं जवळचं नातं निघालं ते रशियाकडच्या, गोचिडीनं पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो इथवर आला असेल का, असा प्रश्न त्यातून निघाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सालिम अलींच्या पुढाकारानं पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास हाती घेतला, त्यामागे हाही एक धागा होता. पक्ष्यांवरचा आरोप पुढे सिद्ध झाला नाही.

पुढची कित्येक वर्षं हा आजार शिवमोग्गा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी, चिक्कमगळूरु या जिल्ह्यांपुरताच आहे असं मानलं जात होतं. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी भागात त्यानं हजाराहून अधिक लोकांना गाठलं, तेव्हाही तो ‘कर्नाटकातला आजार’च राहिला. मग २०१२ पासून चित्र भराभर बदललं. आधी बंदीपूरचं जंगल, त्यानंतर तमिळनाडूतली निलगिरी, केरळमधलं वायनाड आणि मलप्पुरम. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात रुग्ण सापडले. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावच्या परिसरात माकडं मेली, माणसं तापली, आणि महाराष्ट्राचं नाव या नकाशावर आलं. पुढच्याच हंगामात सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात रुग्ण निघाले.

हे सगळं विषाणूच्या प्रवासामुळेच घडलं असं मात्र समजू नका. याच काळात रक्तातला विषाणू थेट ओळखणाऱ्या चाचण्या सहज मिळू लागल्या आणि मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी तापाच्या रुग्णांचे नमुने गावोगावच्या रुग्णालयांतून पद्धतशीर गोळा करायला सुरुवात केली. शोध सुरू झाल्यावर सापडणंही सुरू झालं. दुसरीकडे जंगलंही बदलत होती. घनदाट रानाचे तुकडे पडले, मधे बागा आल्या, गुरांच्या वाटा झाल्या, कडेनं घाणेरीची झुडपं माजली. रानाची आणि माणसाच्या वस्तीची शिवण जिथे जुळते, तिथे हा आजार जोमानं वाढतो, हे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून सांगत आले आहेत. दोडामार्ग तालुक्यात गेल्या काही दशकांत रबर आणि अननसासाठी किती डोंगर उघडे झाले ते गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. आजार आणि जंगलतोड यांचं नातं सरळ रेषेचं नसलं, तरी या तोडीकडे काणाडोळा करून नुसती फवारणी करत राहणं मला तोकडं वाटतं.

गोचिडीचं पंचांग

या विषाणूची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस जातीची गोचीड आहे. गुराच्या कानात, पोळीवर टपोरी फुगलेली गोचीड सगळ्यांनी पाहिलेली असते. माणसाला ताप देणारी ती नव्हे. माणसाला चावते ती या गोचिडीची अल्पवयीन अवस्था. ती खसखशीच्या दाण्याहून जेमतेम मोठी असते, कातडीवर तीळ किंवा मातीचा कण असावा तशी दिसते, आणि चावताना दुखत नाही. म्हणूनच ‘मला गोचीड चावलीच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही हा विषाणू निघतो.

तिचं वर्ष असं चालतं. मोठ्या गोचिडी पावसाळ्यात गुरं, सांबर, गवा अशा मोठ्या जनावरांवर पोट भरतात, जमिनीवर पडतात आणि पालापाचोळ्यात अंडी घालतात. पावसानंतर त्यातून सहा पायांची पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड यांचं रक्त पिऊन कात टाकतात आणि आठ पायांची ती बारीक गोचीड तयार होते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रानात तिचं राज्य असतं. रुग्णांची सर्वांत जास्त संख्या जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत दिसते ती यामुळे. एकदा विषाणू अंगात शिरला की गोचीड मरेपर्यंत तो बाळगते.

आता कोकणातल्या कामांचं पंचांग याच्या शेजारी ठेवा. काजूची बेणणी, मग बिया वेचणं, पातेरा गोळा करणं, भाजावळीसाठी कवळ तोडणं, पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकूडफाटा आणणं. सगळी कामं नेमकी याच महिन्यांतली. शिमगा मार्चमध्ये, चाकरमान्यांची सुट्टी मेमध्ये. वर्षातल्या ज्या महिन्यांत माणूस रानात सर्वाधिक वाकतो, तेच महिने गोचिडीचे.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडत नाही. गवताच्या टोकाला किंवा पाचोळ्यावर पुढचे पाय पसरून ती वाट पाहते आणि जाणाऱ्या अंगाला चिकटते. तिथून ती वर चढत जाते. म्हणजे सुरुवात बहुतेक वेळा पायांपासून, आणि वेचताना जमिनीला टेकणाऱ्या हातांपासून होते. बचावाची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

बागेत आणि रानात

पायमोजे घाला आणि पँटचे पाय त्यांत खोचा. गमबूट असतील तर उत्तम. फिक्या रंगाच्या कपड्यांवर गोचीड पटकन दिसते, काळ्या-निळ्यावर दिसत नाही. बिया वेचायला जाणाऱ्या बायका ओचे खोचून काम करतात, पोटऱ्या उघड्याच राहतात. साडीच्या आत घोट्यापर्यंत येणारी पँट किंवा लेगिंग आणि वर पायमोजे, एवढं केलं तरी धोका पुष्कळ कमी होतो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात हे नकोसं होतं, हे मान्य आहे. म्हणूनच पहाटे लवकर सुरुवात करून ऊन चढण्याआधी काम आटपणाऱ्या बागांत लोक हे पाळतात आणि दुपारी काम काढणाऱ्या बागांत पाळत नाहीत. बागायतदारांनी वेळ बदलली तर पोशाख आपोआप टिकेल.

उघड्या राहणाऱ्या कातडीवर गोचीड दूर ठेवणारं तेल लावायचं. बाधित गावांत आरोग्य खात्याकडून अनेक वर्षं डीएमपी तेल वाटलं गेलं. अलीकडे डेपा हे संरक्षण संशोधन संस्थेनं विकसित केलेलं औषधी तेलही वापरात आलं आहे. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा, आणि मिळालेली बाटली फडताळात ठेवून देऊ नका. घामानं ते धुऊन जातं, म्हणून काम लांबलं तर मधे पुन्हा लावावं लागतं. डोळे, ओठ आणि जखमा टाळा, लहान मुलांना लावण्याआधी विचारून घ्या. करंजाचं किंवा कडुलिंबाचं तेल चोळून निर्धास्त होऊ नका.

जेवायला किंवा विडी-तंबाखूला टेकताना थेट पाचोळ्यावर बसायचं नाही. मोकळ्या कातळावर बसा, नाहीतर जाड ताडपत्री अंथरा आणि उठल्यावर ती झटका. झाडाखाली आडवं होऊन डुलकी काढायची सवय या हंगामात सोडाच. काढलेला सदरा गवतावर टाकू नका, फांदीला किंवा खुंटीला अडकवा.

पातेऱ्याचा प्रश्न जरा वेगळा आहे. गोठ्यात अंथरायला, भाजावळीला, खताच्या खड्ड्याला तो लागतोच, आणि ‘पातेरा आणू नका’ असं सांगून शेतकऱ्याचं काम थांबत नाही. मधला मार्ग असा. ज्या रानात यंदा माकडं मेली आहेत, तिथला पातेरा या हंगामात अजिबात आणायचा नाही. बाकीच्या ठिकाणी दाट रानाऐवजी आपल्या बागेतला, घराजवळचा गोळा करा. हातांत मोजे घाला, भारा उघड्या खांद्यावर घेऊ नका, आणि ढीग घराच्या पडवीला लागून रचू नका. त्या ढिगावर पोरं हमखास खेळतात. तिथे बसून गप्पा मारणारे मोठेही असतात.

घरी आल्यावर कपडे अंगणातच उतरवून थेट गरम साबणाच्या पाण्यात टाका आणि अंघोळ करा. अंघोळीच्या वेळी अंग नीट तपासायचं. काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण, कंबरपट्ट्याची जागा, कानामागे, केसांच्या मुळाशी. पाठ स्वतःला दिसत नाही, घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. मुलांचं डोकं बोटांनी चाचपून पाहा.

चिकटलेली गोचीड सापडली तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक गोचीड बाधित नसते. मात्र ती काढायची रीत असते. बारीक टोकाच्या चिमट्यानं तिला कातडीच्या जितकं जवळ धरता येईल तितकं धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. रॉकेल ओतणं, विडीचा चटका देणं, चुना लावणं, हे सगळं बंद. त्यानं गोचीड जास्त खवळते आणि पोटातला ऐवज जखमेत सोडते. नखांत धरून चिरडायची सवय तर सगळ्यांत वाईट. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये किंवा दाट साबणाच्या पाण्यात बुडवा, जागा साबणानं धुवा, हात धुवा, आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती तारीख पुढे कामाला येते.

गुरं

गुरांना माकडताप होत नाही, आणि तो दुधातून पसरल्याचा पुरावा नाही. पण रानात चरणारी गुरं मोठ्या गोचिडींचं पोट भरतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्यांना बागेपर्यंत, गोठ्यापर्यंत आणून सोडतात. म्हणून माकडं मेलेल्या भागात गुरं चरायला सोडू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोचिडींवरचं औषध आणा. पाठीवर ओतायचं असतं, टोचायचंही असतं. कुठलं, किती आणि केव्हा, हे पशुवैद्यकानं ठरवू दे. औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे न विसरता विचारा. गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा बुजवल्या तर अंडी घालायच्या जागा कमी होतात.

माकड मेलेलं दिसलं तर

लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा विषाणू आपल्यासारखाच मारतो, आपल्याहून जास्तच. जिवंत असताना माकडाच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात. ते मेलं आणि थंड पडलं की शेकडो उपाशी आणि आता विषाणू घेतलेल्या गोचिडी तिथेच उतरतात. त्या जागेभोवतीचा परिसर पुढचे काही आठवडे धोक्याचा.

त्यामुळे मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही. हात लावायचा नाही, काठीनं ढकलायचं नाही, ओढत नेऊन पुरायचं नाही. त्याच्यावर श्रद्धेनं अंत्यसंस्कार करायची आपल्याकडे रीत आहे, ती मनापासून येते. इथे मात्र आवरा. ते काम संरक्षक पोशाख घातलेल्या प्रशिक्षित माणसांचं. तुम्ही लांबून जागा नीट ध्यानात ठेवा, मोबाइलवर ठिकाणाची खूण साठवा आणि कळवा. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. त्याशिवाय प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत या दोघांनाही सांगा, कारण खाती एकमेकांना कळवतीलच याच्या भरवशावर राहायला वेळ नसतो. पशुवैद्यक नमुने घेतात, शव जाळलं जातं, आणि साधारण पन्नास फुटांच्या परिघात कीटकनाशकाची भुकटी टाकली जाते. हे होईपर्यंत आणि नंतरही त्या बाजूला कामाला, सरपणाला, गुरांमागे कुणी जाऊ नये. वाडीतल्या प्रत्येक घराला हे कळलं पाहिजे, मंदिरात, शाळेत, व्हॉट्सअ‍ॅपवर, जमेल तसं.

माकडाच्या मरणाची खबर ही माणसांच्या तापाआधी मिळणारी सूचना असते. ती लपवल्यानं काही साधत नाही. ‘गावाचं नाव वाईट होईल, बिया घ्यायला व्यापारी येणार नाहीत’ अशी कुजबुज होते. काजूतून हा आजार पसरत नाही, व्यापाऱ्यालाही हे समजावता येतं.

आणि माकडांना मारून प्रश्न सुटेल या भ्रमात राहू नका. माकडांनी नारळ, केळी, काजू यांची केलेली नासधूस खरी आहे, बागायतदारांचा राग खरा आहे. तो प्रश्न सरकारनं वेगळा सोडवायला हवा. पण बंदूक उडवली की कळप विखुरतो आणि अंगावरच्या गोचिडी नव्या वाड्यांपर्यंत नेतो. शिवाय विषाणू उंदीर-चिचुंद्र्यांत आणि गोचिडींत टिकून राहतोच. माकडं संपली म्हणून तो संपत नाही.

ताप आला, आता काय

गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप येतो. हळूहळू चढत नाही, एकदम येतो, थंडी वाजून. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं. कंबर, पोटऱ्या, सांधे असे धरतात की माणूस उठून बसू शकत नाही. डोळे लाल होतात. उलट्या, जुलाब, घशाला कोरड. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, शौच काळी होते. रक्तदाब उतरतो. तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटलेल्या निघतात.

यातलं जवळपास सगळं डेंग्यूतही होतं, लेप्टोत होतं, स्क्रब टायफसमध्ये होतं. कोकणात हे तिन्ही आहेत. म्हणून प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला शिक्का डेंग्यूचा बसतो, सलाईन लागते, आणि चार मोलाचे दिवस निघून जातात. डॉक्टर चुकतात असं मी म्हणत नाही. ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला, समोरचा माणूस गेल्या आठवड्यात दोडामार्गात काजू वेचत होता, हे कळायचं कसं? रुग्णानं सांगितल्याशिवाय नाहीच. गावाकडून परतलेला चाकरमानी ताप आला की ‘प्रवासाची दगदग’ म्हणतो आणि सुट्टीत रानात गेल्याचं त्याच्या तोंडून निघतही नाही, कारण त्याच्या लेखी ती गावची रोजची वाट असते.

म्हणून या पट्ट्यातून आल्यावर पंधरा दिवसांच्या आत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता चार गोष्टी सांगा. कुठे गेला होता, गाव आणि तालुक्याच्या नावासकट. कधी गेला आणि कधी परतला. तिथे काय काम केलं, बिया वेचल्या, लाकडं आणली, गुरांमागे फिरला की नुसतं रानात हिंडला, आणि अंगावर गोचीड सापडली का. त्या भागात माकडं मेल्याची किंवा कुणाला माकडताप झाल्याची बातमी आहे का. हे सांगून झालं की थेट विचारा, ‘माकडतापाची तपासणी करायची का?’ डॉक्टरांना राग येईल म्हणून संकोचू नका.

तपासणीचं गणित दिवसांवर चालतं. सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतो, तेव्हा आरटी-पीसीआर चाचणीत तो थेट सापडतो. त्यानंतर शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधावी लागतात. नमुना थंड ठेवून ठरावीक प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, खासगी लॅबच्या नेहमीच्या ‘ताप पॅकेज’मध्ये ही चाचणी नसते. म्हणूनच बाधित भागातल्या माणसानं सरकारी आरोग्य केंद्र गाठणं सोयीचं, तिथली यंत्रणा या चाचणीला सरावलेली असते. दोडामार्गातले बरेच रुग्ण जवळ पडतं म्हणून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तसं केलंत तर गावच्या आरोग्य सेविकेलाही कळवा. गोव्यात सापडलेला रुग्ण सिंधुदुर्गातल्या वाडीचा आहे हे कळलं, तरच त्या वाडीत फवारणी होईल.

घरी ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. अंगदुखी फार असते म्हणून मेडिकलमधून ‘जोरदार’ गोळी मागून घेण्याचा मोह होतो, तो टाळा. पाणी, पेज, शहाळं, मीठ-साखरेचं पाणी देत राहा. रक्त दिसलं, लघवी कमी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, उठताना भोवळ आली, तर १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका. इस्पितळात सलाईन, गरजेप्रमाणे रक्तघटक, रक्तदाब सांभाळणं, हीच चिकित्सा आहे. ती वेळेत मिळाली तर बहुतेक जण तरतात.

रुग्णाची सेवा करायला घाबरू नका. हा ताप माणसाकडून माणसाला शिंकेतून, स्पर्शातून, एका ताटात जेवून होत नाही. रुग्णाच्या घराला वाळीत टाकण्याचं कारण नाही.

एक धोका मात्र घरच्यांनी पक्का लक्षात ठेवायचा. ताप साधारण दीड आठवड्यात उतरतो, माणूस चालू-फिरू लागतो, घरात हायसं वाटतं. दहांतल्या एक-दोघांना यानंतर एक ते तीन आठवड्यांनी तो उलटतो, आणि या वेळी मेंदूपर्यंत जातो. पुन्हा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ, हातांना कंप, नजरेत फरक, गोंधळलेलं वागणं. ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून घरी ठेवायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळात. बरा झालेला माणूस हंगाम बुडतोय म्हणून आठवड्यात बागेत परततो, तेही होऊ देऊ नका. किमान तीन-चार आठवडे विश्रांती त्याला मिळालीच पाहिजे.

लशीबद्दल थोडक्यात. जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षं दिली गेली. दोन डोस, मग पुन्हा पुन्हा बूस्टर, आणि एवढं करूनही संरक्षण अपुरं असल्याचं दिसत गेलं. २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकारानं नवी लस तयार होते आहे. ती गावापर्यंत पोचेपर्यंत पायमोजे, तेल आणि अंग तपासणं, हीच साधनं हाताशी आहेत. २०२४ मध्ये कर्नाटकात पुन्हा मोठा उद्रेक झाला, तेव्हा लोक याच साधनांवर होते.

मजुरांसाठी, आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांसाठी

सत्तरीतल्या काजूबागांत बेळगाव जिल्ह्यातून मजूर येतात. २०१६ च्या सुमारास त्यांच्यातल्या अनेकांना बागेत लागण झाली आणि ताप चढला तो कर्नाटकातल्या आपल्या गावी परतल्यावर. चावा गोव्यात, ताप बेळगावात, आणि हीच गोष्ट महाराष्ट्राच्या बाजूलाही घडू शकते. तीन राज्यांच्या तीन आरोग्य खात्यांमधला हा दुवा बहुतेक वेळा एकच माणूस असतो, तापलेला मजूर. त्याच्या हातात काहीतरी असायला हवं.

बागायतदारांनी हे करावं. मजुराला कामावर घेतानाच पायमोजे आणि तेलाची बाटली द्यावी आणि तो खर्च मजुरीतून कापू नये. वस्ती बागेच्या मध्यावर, झापाखाली पाचोळ्यात न करता मोकळ्या, साफ केलेल्या जागी करावी, झोपायला जमिनीपासून उंच बाज असावी. बागेशेजारी माकड मेलं तर त्या बाजूचं काम थांबवावं आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. नाहीतर मजूर खबर लपवतो, आणि ते साहजिक आहे. हंगाम संपून मजूर घरी निघाला की त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. बागेचं गाव आणि तालुका, कामाच्या तारखा, परिसरात माकडं मेली का, जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन, आणि शेवटी एक ओळ, की पंधरा दिवसांत ताप आल्यास या व्यक्तीच्या रक्ताची माकडतापासाठी तपासणी करावी. कन्नड मजकूर खानापूर-बेळगावकडच्या कुणाहीकडून लिहून घेता येईल. छापायला फार पैसे लागत नाहीत, पंचायतीनं एकदा मसुदा करून ठेवला तर सगळ्या बागांना तोच चालेल. जानेवारीतल्या ग्रामसभेत हा विषय घ्या, म्हणजे बिया पडायला लागण्याआधी चिठ्ठ्या हातात असतील.